गुरूचा अस्त आणि एक्कावन्न नंबरचा तारा

गेल्या वर्षी एप्रिलात कंधारहून दादाचा फोन आला. म्हणाला, "गुरूचा अस्त व्हायलाय." मी नुकतीच तास संपवून बाहेर पडले होते, बोटांना खडू तसाच होता. मला वाटलं, त्याचे शाळेतले कोणी सर वारले. आवाज खाली आणून विचारलं, कोणते रे? त्यावर तोच माझ्यावर चिडला. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला एवढंही कळू नये, असं त्याचं म्हणणं पडलं.

वारलं कोणी नव्हतं. आकाशातला गुरू जूनमध्ये सूर्याच्या इतका जवळ दिसणार होता की त्या उजेडात तो हरवून जातो. पंचांगवाले त्याला अस्त म्हणतात आणि तेवढ्या काळात लग्नं लावत नाहीत. गुरू परत दिसेपर्यंत आषाढी येते, मग चातुर्मास, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं. दादाच्या मुलीला औशाचं स्थळ आलं होतं. दोन्हीकडून पसंती झाली होती. मुलाच्या आजोबांचा निरोप असा होता की अस्ताच्या आधी, मेमध्येच उरकून घ्यावं.

मी म्हटलं, जूनमध्ये तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आहे, मेमध्ये तिला डोकं वर काढायला फुरसत नाही. दादा म्हणाला, लग्न झाल्यावर देऊ दे की परीक्षा, कोण न्हाई म्हणायलंय. आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून त्यानं फोन ठेवला. कंधारला त्याचं पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. अडचणीचा प्रश्न आला की त्या दुकानात गिऱ्हाईक येतं, हा माझा लहानपणापासून नाही तरी दुकान काढल्यापासूनचा अनुभव आहे.

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. आमच्याकडे गावोगावची पोरं येतात ती डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायला. गुरुत्वाकर्षण शिकवायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, ह्याच्यावर किती मार्काला येतं?" चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो हे सांगताना मी जरा रंगात आले, की पुढच्या बाकावरचं कोणीतरी पुस्तकाची पानं उलटून ते परीक्षेला आहे का बघतं. अशा नोकरीत माणूस घासून घासून गुळगुळीत होतो. त्यामुळे आमच्या घरात एक पोरगी अशी निघाली जी मार्कांशिवायचे प्रश्न विचारायची, तिच्याबाबत मी जरा जास्तच हट्टी होते.

भाची नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी. करत होती, होस्टेलला राहून. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. वर्गातल्या बहुतेकांनी काचेवर कसला तरी पातळ थर द्यायचा आणि त्याची जाडी मोजायची, असलं काही घेतलं. तो रस्ता मळलेला आहे, आधीच्या वर्षीच्यांचे प्रोजेक्ट बघून निभावता येतं. हिनं तारा घेतला.

महाश्व नावाचा तारकासमूह आहे, त्यातला एक्कावन्न नंबरचा तारा. आपल्या सूर्यासारखाच, वयानं थोडा थोरला. त्याच्याभोवती एक अवाढव्य ग्रह फिरतो, गुरूच्या जातीचा, सगळा वायूचा. आपला गुरू सूर्यापासून लांब राहतो आणि एका फेरीला बारा वर्षं लावतो. तिथला हा ग्रह आपल्या ताऱ्याला इतका चिकटून आहे की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. तीस वर्षांपूर्वी तो सापडला तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसेना, कारण एवढा मोठा ग्रह एवढ्या जवळ असावा हे तोवरच्या कुठल्याच विचारात बसत नव्हतं. डोळ्यांनी तो कोणीही पाहिलेला नाही. लेकराला दोन्ही हातांनी धरून गरागरा फिरवलं की फिरवणाऱ्याचाही तोल जरा मागेपुढे होतो. तसा तो तारा ग्रहामुळे थोडा डुलतो, आणि ते डुलणं त्याच्या उजेडात पकडता येतं. मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी घेतलेली मोजमापं सगळ्यांना बघायला खुली आहेत. त्यातून ते डुलणं आपलं आपण काढून दाखवायचं, एवढं तिचं काम.

हे सगळं ती मला रविवारी मेसमधून फोनवर सांगायची, ताटांच्या खणखणाटात. लॅपटॉप जुना, होस्टेलचं इंटरनेट मनात येईल तेव्हा चालणारं, आणि मार्गदर्शक सर कायम कुठल्यातरी कमिटीवर. कितीतरी महिने तिचा आलेख म्हणजे कागदावर तीळ सांडल्यासारखा होता. एप्रिल उजाडला आणि ते ठिपके हळूहळू एका लाटेवर बसायला लागले. आणि नेमकं तेव्हाच हे स्थळ आलं.

मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. सरकारी खात्यात इंजिनिअर, बोलायला साधा. भाचीला तो आवडला होता, ते दोघं फोनवर बोलतही होते. त्याला तिच्या ताऱ्याचं कौतुक होतं. फक्त तारखेचा विषय निघाला की तो म्हणायचा, ते आजोबा बघतात.

एप्रिलच्या शेवटी कंधारला बैठक ठरली. मी सकाळच्या बसनं निघाले. अहमदपूरला बस बदलली, लोह्याला दुसरी बस इतका वेळ उभी राहिली की ड्रायव्हर-कंडक्टर जेवून, पान खाऊन, वर गप्पा मारून आले. घरी पोचले तेव्हा पाहुणे येऊन बसलेले. दादानं समोरच्या खोलीत मोठा कूलर लावला होता. त्याचा आवाज असा की कोणाचं कोणाला ऐकू येईना. मुलाचे आजोबा मुळात हळू बोलणारे. किडकिडीत, पांढरंशुभ्र धोतर, हातात मोबाइल आणि त्यात पंचांग. ते काही बोलले की सगळे पुढे वाकून विचारायचे, "काय म्हणलाव?" कूलर बंद करावा असं कोणालाही सुचलं नाही. मी सुचवलं तर दादा म्हणाला, पाहुण्यांना गरम होईल.

मी माझं म्हणणं मांडलं. जूनमध्ये तोंडी परीक्षा आहे, वर्षाचं काम आहे, लग्न तुळशीच्या लग्नानंतर करू. दादा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या दुकानाला काडी लावायला आलेय. आजोबांनी विचारलं, मुलगी शिकते तरी काय. मी सांगायला लागले आणि नेहमीप्रमाणे फार सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "कोणत्या नक्षत्रात हाय तो तारा?"

मी अडखळले. महाश्व मला माहीत होता, नक्षत्राचा विचार मी कधी केला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून भाची म्हणाली, "पूर्वा भाद्रपदा. तिच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, जरा पश्चिमेला."

आजोबा सरळ होऊन बसले. त्यांनी तिला बाहेर बोलावलं, समोर बसवलं. बघायचा कार्यक्रम आधी झाला होता तेव्हा त्यांनी तिला नाव आणि शिक्षण एवढंच विचारलं होतं. आता ग्रह केवढा, ताऱ्यापासून किती लांब, फेरी किती दिवसांची, हे एकेक विचारत गेले, आणि ती कूलरच्या वर आवाज चढवून सांगत गेली. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी तिथला गुरू सदाचाच अस्तात हाय म्हण की."

भाची म्हणाली, "हो आजोबा. त्या सूर्याच्या दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून बघितलं, तर कायमच."

"मग तिथल्या पोरींची लग्नं कवा व्हायची?" त्यांच्याकडच्या एका पाहुण्यानं विचारलं.

"शिकत असतील," भाची म्हणाली.

खोलीत हशा झाला. दादाचा चेहरा लाल झाला. आजोबा हसले नाहीत, मोबाइल खिशात ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो. मग चहा आला, चहाबरोबर मेच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख आली, आणि मघाचं बोलणं जसं काही झालंच नव्हतं तसं दोन्हीकडच्यांनी कार्यालय कोणतं घ्यायचं यावर बोलायला सुरुवात केली.

पाहुणे गेल्यावर मी भाचीला आत गाठलं. विचारलं, सरळ नाही का म्हणत नाहीस. ती कप विसळत होती. म्हणाली, बाबांना नाही म्हटलं तर वर्षभर बोलणार नाहीत, आणि मला लग्न नको आहे असं थोडंच आहे, मला मे नको आहे. एवढा साधा फरक होता. तो त्या खोलीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरत नव्हता.

पुढच्या रविवारी मी स्वतःच औशाला गेले. लातूरहून ते काही लांब नाही. आजोबांनी ओसरीवर खुर्ची दिली, ताक दिलं. मी अस्त म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. गुरू कुठेही जात नाही, आपल्याला सूर्याच्या उजेडात दिसत नाही इतकंच. ते म्हणाले, "हाव, बरोबर हाय." मी म्हटलं, त्याचा लग्नाशी संबंध नाही. त्यावरही ते म्हणाले, हाव. मी जे जे म्हणेन त्याला हाव. मग मी विचारलं, तर तारीख पुढे न्यायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "पुढं मुहूर्त न्हाई ना."

वर्गात ढ पोरांशी मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं आहे, पण भांडणाऱ्याला निदान पकडता येतं. हो म्हणणाऱ्याला कुठून पकडणार? त्यात त्यांना तारखेपेक्षा ताऱ्यातच रस. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो का? मी म्हटलं, अंधार पुरता असेल तर अंधूक दिसतो, सध्या पहाटे पूर्वेला उगवतो. म्हणाले, मग दाखवा की एकदा. मी उठलेच. म्हटलं, "चांगल्या पोरीचं वर्ष वाया घालवायला तुम्हाला सगळं आकाश पुरतंय." ताक मी अर्धंच प्याले होते. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर, दादावर, त्या इंजिनिअरवर आणि शेजारी बसून मोठ्यानं रील बघणाऱ्या माणसावर सारखीच चिडलेली होते.

हे सगळं मी भाचीला सांगितल्यावर तिनं मला न कळवता आजोबांना फोन केला होता. कुठल्या दिशेला बघायचं, आधी महाश्वातल्या चार ठळक ताऱ्यांचा चौकोन कसा ओळखायचा, मग त्याच्या कोणत्या बाजूला शोधायचं, हे तिनं त्यांना आणि नातवाला नीट सांगितलं. शेजारी चष्म्याचं दुकान असलेले चाचा होते, त्यांच्याकडे दुर्बीण होती. तीन माणसं पहाटे गच्चीवर चढली. मला हे कळलं ते आजोबांचा फोन आला तेव्हा, उजाडायच्या आधी. माझी सुट्टी होती, आदल्या दिवशी पेपर तपासून मान आखडली होती.

म्हणाले, नातवाला दिसला. चाचांनाही दिसला. मी विचारलं, आणि तुम्हाला? तर म्हणाले, मला चौकोनच धड दिसला न्हाई, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. मग म्हणाले, "तुमच्या पोरीला ग्रह दिसत न्हाई, तरी ती हाय म्हणती. मला तर ताराच दिसंना." त्यांनी विचारलं, किती दिवस करायली ती हे. मी सांगितलं, वर्ष होत आलं. बरं, म्हणाले, आणि फोन ठेवला. मला परत झोप लागली नाही.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन. लग्न पुढे गेलं. आजोबांनी परत पंचांग बघितलं, तर ठरलेल्या दिवशी मुलीला चंद्रबळ कमी पडतं, म्हणजे चंद्र तिच्या राशीला अनुकूल नाही. मेमधल्या दुसऱ्या तारखांना कार्यालय मिळेना. म्हणजे आता तुळशीच्या लग्नानंतरच. दादा वैतागला होता, कारण आचारी सांगून ठेवला होता आणि पत्रिकेचा मजकूर छापायला गेला होता. पण चंद्रबळ म्हटल्यावर तो एका शब्दानं आडवा आला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या वर रागाचा जाड थर होता. मी बस बदलत कंधारला गेले, औशाला गेले, घसा फोडला, विनंत्या केल्या, त्यानं तारीख तसूभर हलली नाही. ती हलली चंद्रबळानं. पोरीच्या परीक्षेसाठी जो बाप एक दिवस थांबायला तयार नव्हता, तो चंद्रासाठी सहा महिने थांबला. मी भाचीला फोन केला तर तिला बोलायला वेळ नव्हता, तिचा लॅपटॉप गरम होऊन बंद पडला होता.

जूनमध्ये तोंडी परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून नांदेडला गेले. विभागाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. बाहेरून आलेले परीक्षक उशिरा आले, आधी नाश्ता झाला, मग एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. भाची बाहेर आली तेव्हा हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं, मला कळेना काय समजायचं. परीक्षकांनी पानांच्या कडेची मोकळी जागा मोजली होती. संदर्भांचे आकडे चौकटी कंसात का, गोल कंसात का नाहीत, असं विचारलं होतं. आलेखाचं पान उलटून पुढे गेले होते. उठता उठता एकच प्रश्न विचारला, तिथं माणसं राहतात का. ती म्हणाली, सर, तिथं लोखंडसुद्धा तापून लाल होईल. ठीक आहे, म्हणाले, या.

मी म्हटलं, दाखव मला. बाकावर, लिंबाच्या सावलीत, तिनं तो बांधीव प्रोजेक्ट माझ्या मांडीवर ठेवला आणि आलेखाचं पान काढलं. ठिपके लाटेवर बसले होते. एक चढ, एक उतार, चार दिवसांच्या जरा वर, आणि पुन्हा तेच. काही ठिपके लाटेपासून सुटलेले होते, ते तिनं तसेच ठेवले होते. मी आयुष्यभर गुरुत्वाकर्षण फळ्यावर लिहीत आले. ते असं, आमच्या घरातल्या एका पोरीच्या हातून कागदावर उतरलेलं, मी प्रथमच बघत होते. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, आत्या, सकाळपासून काही खाल्लं नाही. आम्ही फाटकाबाहेर जाऊन भजे खाल्ले.

नोव्हेंबरात लग्न लागलं, लोहा रोडवरच्या कार्यालयात, गोरज मुहूर्तावर. अंधार पडला तेव्हा तो चौकोन बरोबर डोक्यावर असणार होता, मी आधी बघून ठेवलं होतं. पण चारी बाजूंनी हॅलोजन, मध्ये धुराचं मशीन, वर फोटोवाल्याचा ड्रोन. एक तारा दिसेल तर शपथ. पाच मिनिटं दिवे बंद करता का, असं मी कार्यालयवाल्याला विचारलं, तर त्यानं मला मुलाकडची करवली समजून समजूत घातली.

आजोबा फेटा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सरळ विचारलं, मेमध्ये खरंच चंद्रबळ कमी होतं का.

"बघितलं तर कुठल्याबी दिवशी कायतरी कमी असतंयच, बाई," ते म्हणाले. "न्हाई बघितलं तर न्हाई."

मी म्हटलं, मग तेव्हाच सरळ का नाही बोललात, आम्हाला एवढं का पळवलंत.

"तुमच्या भावाला काय सांगायचं होतं? पोरगी शिकायलीय म्हणून थांबा? ऐकलं असतं त्यांनी?"

ऐकलं नसतं. मला ते माहीत होतं आणि म्हणूनच जास्त राग आला. माझ्या घरात खऱ्या कारणाला किंमत नाही, हे मला औशाच्या माणसाकडून ऐकावं लागलं. तेवढ्यात पंगतीला बोलावणं आलं, मी त्यांना हात देऊन उठवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं म्हणत होते, ते अजून झालं नव्हतं.

आता भाची नांदेडलाच असते. नवऱ्यानं बदली करून घेतली. संशोधनाची प्रवेश परीक्षा ती पास झाली आहे, मार्गदर्शक मिळायचा आहे. मिळेल तेव्हा मिळेल. तिकडचा कारभार मला चांगला माहीत आहे, मी त्यावर बोलायला लागले तर रक्तदाब वाढतो.

दादा मात्र बदलला, आणि तोच सध्या माझ्या डोक्याला ताप आहे. मागच्या महिन्यात कंधारला गेले होते. दुकानात पाइप घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला तो सांगत होता, "आमच्या पोरीनं ग्रह शोधलाय. चार दिवसाला वर्ष." मी म्हटलं, दादा, तिनं शोधला नाही, आधीच सापडलेला होता, तिनं तो ताडून बघितला. तो म्हणाला, तू गप बस. शेतकऱ्यानं मला विचारलं, तिथं पाऊस पडतो का? मी खरं ते सांगितलं. आपल्यासारखा पाऊस नाही, जमीन नाही, सगळी आग आणि वाफ. तो म्हणाला, मग काय कामाचा, आणि पाइप खांद्यावर टाकून निघून गेला.

दादा दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही. संध्याकाळी जेवताना म्हणाला, पडतो म्हणून सांगायला तुझं काय जात होतं.